बाराव्या शतकातले चर्च अँग्लिकन कसे? किलपेकच्या दगडी चर्चविषयी

आपण इंग्लंडमधील हेरफर्डशर परगण्यातल्या किलपेक या खेड्यातले सेंट मेरी आणि सेंट डेव्हिड यांचे चर्च पाहून आलात आणि तीन प्रश्न विचारलेत. हे चर्च सुमारे ११४० सालचे असेल, तर ते चर्च ऑफ इंग्लंडचे, म्हणजे अँग्लिकन, कसे? कारण तो पंथ १५३४ साली रोमपासून वेगळा झाला. छताखाली कोरलेले राक्षसी चेहरे, ससा, कुत्रा आणि एक नग्न स्त्री प्रार्थनास्थळावर कशासाठी? आणि पावणेनऊशे वर्षे वारा-पावसात उभे असलेले हे कोरीव काम इतके टवटवीत कसे राहिले? दगडी इमारतींच्या संवर्धनाचे काम मी पंचवीस वर्षे करीत आहे, इंग्लंडमध्ये शिकत असताना किलपेकला तीनदा गेलो आहे आणि इतर अनेक इमारतींपेक्षा याच लहानशा चर्चने मला दगडाकडे पाहायला अधिक शिकवले. म्हणून उत्तर थोडे लांबले तरी सविस्तर देतो.

पहिल्या प्रश्नातला घोळ असा आहे की, आपण पंथाचे वय आणि इमारतीचे वय एकच धरतो. किलपेकचे चर्च बांधले गेले तेव्हा पश्चिम युरोपातील सगळीच चर्चे रोमच्या पोपला मानणारी होती आणि इथली प्रार्थना लॅटिनमध्ये होत असे. १५३४ च्या कायद्याने राजा आठवा हेन्री इंग्लंडमधील चर्चचा सर्वोच्च प्रमुख झाला, तेव्हा गावोगावची चर्चे पाडून नवी बांधली गेली नाहीत. इमारत तीच राहिली, पॅरिश म्हणजे त्या चर्चचा गाव-परिसर तोच राहिला, दफनभूमी तीच राहिली, आणि कित्येक ठिकाणी पाद्रीही तोच राहिला. बदलली ती वरची सत्ता आणि पुढे हळूहळू आतली उपासना. १५३८ साली प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवावी असा हुकूम निघाला. १५४७ नंतर पूजल्या जाणाऱ्या प्रतिमा काढायला लावल्या गेल्या, १५४९ मध्ये इंग्रजी प्रार्थनाग्रंथ आला आणि १५५० पासून दगडी वेदी काढून तिच्या जागी लाकडी मेज ठेवण्याचे आदेश निघाले. भिंतींवरच्या चित्रांवर गावोगाव चुन्याचा हात फिरला. म्हणून इंग्लंडच्या खेड्यातले जवळजवळ कोणतेही जुने अँग्लिकन चर्च पाहताना लक्षात ठेवावे की, त्याचा सांगाडा कॅथलिक काळातला आहे आणि आतील मांडणी त्यानंतरच्या साडेचार-पाच शतकांची आहे.

मग किलपेकवरील इतके कोरीव काम या मोडतोडीतून वाचले कसे? माझ्या मते याचे कारण साधे आहे. आदेशांचा रोख ज्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावली जाते, गुडघे टेकले जातात, नवस बोलले जातात, त्या मूर्तीवर होता. वळचणीखालच्या कुत्र्यापुढे किंवा दारावरच्या नागापुढे कोणी मेणबत्ती लावत नव्हते. आतील मोठ्या कमानीवर संतांच्या आकृती आहेत खऱ्या, पण त्या खांबातच कोरलेल्या आहेत. त्या उखडायच्या म्हणजे कमानीलाच हात घालायचा.

आता हे चर्च या गावी उभे का राहिले ते पाहू. हेरफर्ड शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे चौदा किलोमीटरवर हे खेडे आहे. वेल्सची सीमा जवळ, आणि हा मुलूखही मुळात वेल्श चालीरीतींचा. चर्चच्या नावातला सेंट डेव्हिड हा वेल्सचाच संत. नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकल्यावर सीमेवर आपली माणसे बसवली. १०८६ च्या महसुली पाहणीत, जिला डूम्सडे बुक म्हणतात, हे गाव विल्यम फिट्झ-नॉर्मन याच्याकडे असल्याची नोंद आहे. त्याचा मुलगा ह्यू याने ११३४ साली इथले चर्च ग्लॉस्टरच्या मठाला दान दिले. आज दिसणारी इमारत त्यानंतरच्या काही वर्षांतली आहे. चर्चच्या पश्चिमेला अगदी लागून मातीचा उंच टेकाड आहे आणि त्यावर गढीच्या भिंतीचे दोन-तीन तुकडे उभे आहेत. ती या सरदाराची गढी. गढी, चर्च आणि शेजारी मठाची लहानशी शाखा अशी ही सत्तेची मांडणी होती. सीमेवरच्या नव्या धन्याला आपण इथे कायमचे आलो आहोत हे दाखवायचे होते, आणि त्यासाठी लागणारा पैसा त्याच्या हातात होता. पुढे गढी पडली, मठाची शाखा पंधराव्या शतकात बंद झाली आणि गाव लहानच राहिले. ही गोष्ट आपल्या तिसऱ्या प्रश्नाशी जोडलेली आहे; तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

इमारतीची रचना तीन खणांची आहे. पश्चिमेला लोकांनी बसण्या-उभे राहण्याचा लांबट भाग, ज्याला नेव्ह म्हणतात; त्याच्या पूर्वेस पाद्र्यांचा भाग, चॅन्सेल; आणि अगदी पूर्वेला अर्धवर्तुळाकार ॲप्स, जिथे वेदी असते. प्रत्येक भाग आधीच्यापेक्षा अरुंद आणि बुटका होत जातो, त्यामुळे दारातून आत शिरल्यावर नजर आपोआप एकापाठोपाठ एक दोन कमानींतून वेदीपर्यंत खेचली जाते. बाजूला पडव्या नाहीत, मनोरा नाही. पश्चिम टोकावरची घंटेची लहान कमान एकोणिसाव्या शतकातली. मूळ खिडक्या उंचावर आणि अरुंद आहेत. काच महाग होती हे त्याचे एक कारण, आणि जाड भिंतीत मोठे भोक पाडले की वरचा भार पेलण्यासाठी मोठी घडीव कमान लागते, हे दुसरे. आतल्या बाजूला खिडकीच्या कडा तिरप्या कापून रुंद केलेल्या असतात. त्यामुळे हातभर रुंद झरोक्यातून आलेला प्रकाशही भिंतीवर पसरतो. ॲप्सचे छत मात्र दगडी आहे: नागमोडी नक्षीच्या दगडी फासळ्या चारही बाजूंनी वर चढतात आणि जिथे मिळतात तिथे जनावरांची मुंडकी कोरलेली आहेत.

नेव्ह आणि चॅन्सेल यांच्यातला फरक केवळ आकाराचा नाही, तो खर्चाचाही आहे. मध्ययुगापासून इंग्लंडमध्ये रूढी अशी की, चॅन्सेलच्या दुरुस्तीचा खर्च दशांश कर घेणाऱ्याने करायचा आणि नेव्हचा गावकऱ्यांनी. कित्येक खेड्यांत चॅन्सेल जुने आणि बुटके, तर नेव्ह उंच आणि मोठ्या खिडक्यांचे दिसते, किंवा नेमके उलटे, त्याचे मूळ बऱ्याचदा इथे सापडते: एका बाजूच्या मालकाकडे पैसा होता, दुसऱ्याकडे नव्हता किंवा द्यायची इच्छा नव्हती. ही जबाबदारी जमिनीबरोबर हस्तांतरित होत आली. अ‍ॅस्टन कँटलो या गावच्या चॅन्सेलचा वाद २००३ साली थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तिथली जमीन धारण करणाऱ्यांवर दुरुस्तीचा बोजा कायम राहिला. चर्चचा इतिहास वाचताना मी संतांच्या नावांआधी हा हिशेब शोधतो.

बांधकामाचा दगड स्थानिक तांबूस वालुकाश्म आहे. भूशास्त्रात त्याला ओल्ड रेड सँडस्टोन म्हणतात आणि त्याचे वय चाळीस कोटी वर्षांच्या घरात आहे. भिंतींचा मधला भाग थरांत बसवलेल्या साध्या दगडांचा, तर कोपरे, उभ्या पट्ट्या, कमानी आणि खिडक्यांच्या चौकटी घडीव दगडाच्या. अशी भिंत आरपार एकसंध नसते: बाहेरचा आणि आतला असे दोन पदर, आणि मध्ये चुन्यात कालवलेले गोटे व कपच्या. घडीव दगडाजवळ उभे राहून तिरप्या उन्हात पाहिलेत तर पृष्ठभागावर कर्णरेषेत गेलेले समांतर घाव दिसतील. हे टाकीचे नव्हेत, कुऱ्हाडीसारख्या हत्याराचे आहेत. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधले पाथरवट दगडाचे तोंड कुऱ्हाडीने साफ करीत. कँटरबरीच्या कॅथीड्रलचा पूर्वभाग ११७४ मध्ये जळाला, तेव्हा तिथल्या जर्व्हेस नावाच्या साधूने जुन्या आणि नव्या बांधकामाची तुलना करताना हाच फरक नोंदवला आहे की, जुने कोरीव काम कुऱ्हाडीचे होते आणि नवे टाकीचे. एखाद्या खेड्यातल्या चर्चविषयी कोणतीच कागदपत्रे हाती नसतील तर मी आधी कमानीचा आकार पाहतो, कारण गोल कमान साधारणपणे बाराव्या शतकापर्यंतची आणि टोकदार त्यापुढची. आणि मग दगडावरचे घाव पाहतो, कारण कमान नंतर कोणी जुन्या धर्तीवर पुन्हा बांधू शकतो, पण घावांची नक्कल करण्याचा खटाटोप सहसा कोणी करीत नाही.

दक्षिणेचे दार हे या चर्चचे हृदय आहे. तिथे घाई करू नये. दारावरच्या अर्धगोल शिळेवर द्राक्षांचे घोस लगडलेला वेल आहे, ज्याला जीवनवृक्ष मानतात. त्याच्याभोवतीच्या कमानीच्या आतल्या ओळीत चोचीची मुंडकी आणि विचित्र पशू एकाला एक खेटून बसवलेले आहेत. बाहेरच्या ओळीत साखळीसारखी गोल पदके असून त्यांत पक्षी आणि माशांसारखे प्राणी वेटोळे घालून बसले आहेत. डावीकडच्या खांबावर दोन योद्धे वेलीच्या जाळीत उभे आहेत. त्यांचा वेष पाहा: डोक्यावर निमुळती टोपी, अंगाला घट्ट बसलेला, पट्ट्यापट्ट्यांचा अंगरखा आणि पायात सैल विजार. कापडाची प्रत्येक घडी उंच आणि गोल अशा समांतर दोऱ्यांनी दाखवली आहे, जणू अंगावर दोरखंड गुंडाळला आहे. ही समांतर दोऱ्यांची लकब पाहिली की हेरफर्डशरमधल्या या शिल्पकारांचा हात लगेच ओळखता येतो. याच परगण्यातल्या इतर काही चर्चांतही तो दिसतो. खांबांच्या बाहेरच्या कडेवरून नाग एकमेकांची शेपटी गिळत खाली उतरतात. उजवीकडच्या खांबाच्या डोक्यावर एक चेहरा आहे आणि त्याच्या तोंडातून पाने फुटून बाहेर पसरली आहेत.

या पर्णमुखाला हल्ली सगळीकडे ‘ग्रीन मॅन’ म्हणतात आणि त्यावरून ख्रिस्तपूर्व निसर्गपूजेच्या कथा सांगितल्या जातात. चर्चमधल्या अशा चेहऱ्यांसाठी हे नाव लेडी रॅग्लन यांच्या १९३९ सालच्या एका लेखातून रूढ झाले. म्हणजे नाव शिल्पापेक्षा आठशे वर्षांनी लहान आहे, आणि नावावरून अर्थ काढणे धोक्याचे आहे. हीच सावधगिरी त्या नग्न स्त्रीबद्दल ठेवायला हवी.

छपराच्या खाली भिंतीभोवती रांगेने जे दगड पुढे आलेले आहेत ते तोडे. त्यांच्यावर वळचणीच्या दगडी पट्टीचा भार आहे. किलपेकला असे पंच्याऐंशीच्या आसपास तोडे शिल्लक आहेत आणि प्रत्येकावर वेगळी आकृती आहे. कुत्रा आणि ससा शेजारीशेजारी, मोठाल्या डोळ्यांनी समोर पाहत बसले आहेत. कोणी वाद्य वाजवतो आहे, एक श्वापद माणसाला गिळते आहे, दोघे एकमेकांना मिठी मारून आहेत. पाठीवर क्रूस घेतलेले देवाचे कोकरू घोड्यासारखे दिसते. आणि ॲप्सच्या बाहेर ती स्त्री, दोन्ही हातांनी आपली योनी उघडून दाखवणारी, जिला शीला-ना-गिग म्हणतात. ती प्रजननाची देवता आहे, वासनेविरुद्धचा इशारा आहे, की दृष्ट लागू नये म्हणून बसवलेली आकृती आहे, याविषयी पुष्कळ मते आहेत. एक गोष्ट मात्र मी ठामपणे सांगेन. तिला रांगेतून एकटी उचलून तिचा अर्थ लावू नये. फ्रान्स आणि उत्तर स्पेनमधल्या त्या काळच्या चर्चांच्या तोड्यांवर वादक, कसरतपटू, पशू आणि उघड्या देहाच्या आकृती अशाच एका रांगेत येतात. ज्या पाथरवटांनी द्राक्षवेल कोरला त्यांच्याच परिचयातले हे विषय होते, आणि चर्चच्या धन्याने त्यांचे पैसेही दिले. म्हणून तिला कुठल्यातरी दडपलेल्या जुन्या धर्माचा अवशेष मानायला मी तयार नाही. ती बाराव्या शतकातल्या ख्रिस्ती भिंतीचीच आहे, आणि त्या भिंतीला तिचे वावडे नव्हते.

फ्रान्स-स्पेनचा हा संबंध हवेतला नाही. याच परगण्याच्या उत्तर भागात शॉब्डन येथे ऑलिव्हर द मर्लिमोंड नावाच्या कारभाऱ्याने चर्च बांधले. तो स्पेनमधल्या सांतियागो दे कोम्पोस्तेलाची यात्रा करून आला होता. किलपेकच्या चॅन्सेलच्या कमानीखाली दोन्ही बाजूंना तीन-तीन संत एकाच्या डोक्यावर एक असे खांबात उभे कोरलेले आहेत; एकाच्या हातातल्या किल्लीवरून पीटर ओळखता येतो. खांबात अशी उभी माणसे रचण्याची पद्धत इंग्लंडमध्ये दुर्मीळ, पण कोम्पोस्तेलाच्या दक्षिण दारावर ती आहे. दुसरीकडे किलपेकच्या पश्चिम भिंतीतून बाहेर झेपावणारी, जबडा उघडलेली आणि जीभ वेटाळलेली ड्रॅगनची डोकी मात्र स्कँडिनेव्हियातल्या लाकूडकामाची आठवण करून देतात. एका खेडेगावच्या चार भिंतींवर स्पेन, फ्रान्स आणि उत्तरेकडचा समुद्र असे तिन्ही एकत्र येतात.

आता तिसरा प्रश्न, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. शॉब्डनचे चर्च अठराव्या शतकाच्या मध्यास तिथल्या जमीनदाराने पाडून नव्या पद्धतीचे बांधले. जुन्या कमानी आणि दारांवरच्या शिळा मात्र फेकल्या नाहीत; शोभेसाठी टेकडीवर उघड्यावर उभ्या केल्या. किलपेकच्याच घराण्यातले हे कोरीव काम, एकाच पिढीतले. मी ते पाहिले तेव्हा आकृतींच्या जागी फुगवटे उरले होते. ख्रिस्त कोणता आणि देवदूत कोणता हे आधी माहीत असल्याशिवाय कळत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात काढलेल्या चित्रांत तिथले बरेच तपशील दिसतात, म्हणजे नुकसानीचा मोठा वाटा गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांतला आहे. किलपेकचे तोडे वळचणीखाली आहेत, मागे कोरडी भिंत आहे आणि वर धड छप्पर आहे. शॉब्डनच्या दगडांना डोक्यावर काहीच नव्हते. पाणी वरून शिरले, थंडीत आत गोठले, फुगले आणि पापुद्रे सुटत गेले. दगडाला मुख्यतः पाण्यापासून वाचवावे लागते, आणि पाणी अडवण्याचे काम छप्पर आणि पन्हळ करतात.

दुसरे कारण गरिबीचे. तेराव्या ते पंधराव्या शतकात इंग्लंडमधल्या ज्या गावांत लोकरीचा पैसा आला तिथे पडव्या वाढल्या, मनोरे चढले, भिंती फोडून मोठ्या खिडक्या बसवल्या गेल्या. किलपेकची गढी मोडकळीस आली होती, वस्ती थोडी होती. एखादी खिडकी नंतर बसवली गेली, पण भिंती, दार आणि तोडे यांना कोणी हात लावला नाही. १८४० च्या दशकात वास्तुविशारद लुईस नॉकल्स कॉटिंगहॅम यांनी दुरुस्ती केली तीही त्या काळच्या मानाने संयमाची होती.

आजची देखभाल कशी चालते हेही सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे याची कल्पना कमी असते. चर्च ऑफ इंग्लंडकडे सुमारे सोळा हजार चर्चे आहेत. १९५५ च्या कायद्याने सुरू झालेल्या पद्धतीनुसार प्रत्येक चर्चची दर पाच वर्षांनी वास्तुविशारदाकडून किंवा पात्र सर्वेक्षकाकडून तपासणी करून घ्यावी लागते. कोणताही लक्षणीय बदल करायचा तर धर्मप्रांताच्या चॅन्सेलरची, म्हणजे तिथल्या चर्च-न्यायाधीशाची लेखी परवानगी लागते. पण प्रत्यक्ष पन्हळीतली पाने काढणे, निखळलेले कौल लक्षात येणे, भिंतीच्या पायथ्याशी माती साचू न देणे, हे काम चर्चवॉर्डन म्हणून निवडलेले दोन गावकरी करतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पावसाची सर नुकतीच येऊन गेली होती आणि एक वयस्क गृहस्थ शिडीवर चढून हाताने पन्हळीतला चिखल उपसत होते. त्या पाच मिनिटांच्या कामाची किंमत मला शॉब्डनच्या टेकडीवर कळली.

एक तांत्रिक बाब आवर्जून सांगतो, कारण महाराष्ट्रातल्या जुन्या दगडी इमारतींवरही हीच चूक मी सतत पाहतो. दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, चुन्यानेच भरल्या पाहिजेत. चुना ओल शोषतो आणि ती सांध्यातून बाहेर सोडतो. तो झिजला तर पुन्हा भरता येतो. सिमेंट ओल अडवते, मग तीच ओल दगडातून बाहेर पडते, लोणा, म्हणजे ओलीतले क्षार, दगडाच्या तोंडाशी येऊन साचतो आणि सांधा जसाच्या तसा पुढे राहून दगड मात्र वाटीसारखा आत खचतो. वालुकाश्मात हे काही दशकांत दिसते. आपला काळा बसाल्ट कठीण म्हणून तो स्वतः तग धरतो, पण ओल आतल्या गाभ्यात कोंडली जाऊन तिथला जुना चुना खिळखिळा होतो. एका जुन्या दगडी चर्चच्या दुरुस्तीत ठेकेदाराने आम्हाला न विचारता अख्खी उत्तर भिंत सिमेंटने दरजून टाकली होती. ते सिमेंट सांध्यांच्या कडा न फोडता टाकीने काढायला चार पाथरवटांना सात आठवडे लागले.

मुंबईच्या कुलाब्यातले १८५८ साली पवित्र केलेले अफगाण चर्च पाहिलेत तर नेव्ह आणि चॅन्सेल यांचा हाच क्रम तिथे दिसेल, कारण एकोणिसाव्या शतकातल्या अँग्लिकन मंडळींनी इंग्लंडच्या मध्ययुगीन पॅरिश चर्चालाच आदर्श मानले. कमानी मात्र तिथे टोकदार आहेत. त्यांनी नमुना निवडला तो किलपेकनंतरच्या शतकाचा.

पुन्हा किलपेकला जाणे झाले तर सकाळी किंवा संध्याकाळी जा, म्हणजे तिरपे ऊन दक्षिण दारावर पडेल आणि कुऱ्हाडीचे घाव दिसतील. मग चर्चला वळसा घालून नेव्हच्या ईशान्य कोपऱ्यापाशी थांबा. बहुतेक लोक तिथे फिरकत नाहीत. तिथे कोपऱ्याचे काही दगड एक आडवा, एक उभा असे रचलेले आहेत आणि त्यांचा बाकीच्या भिंतीच्या थरांशी मेळ बसत नाही. ही सॅक्सन पद्धत, म्हणजे नॉर्मन लोक येण्यापूर्वीची. ह्यूने ग्लॉस्टरच्या मठाला जे चर्च दान दिले ते याच कोपऱ्याचे असावे. त्याच्या पाथरवटांनी ते उतरवताना हा एवढा भाग शाबूत ठेवला आणि नवी भिंत त्याला जोडून घेतली.